एकच चाल

“हा तुझा डबा पुन्हा ‘समजलं नाही’ म्हणतोय,” लॅपटॉपसमोर बसलेले गोट्होल्ट चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. “‘मला इथंच राहायचंय.’ यात न समजण्यासारखं काय आहे गं?”

“पपा, तिथं वाक्य नाही लिहायचं. चालीचा आकडा टाकायचा. दहा वेळा सांगितलं.”

“मग दहा वेळा चुकीचं सांगितलंस.”

हेन्रिकेनं दातांवर दात दाबले. ड्रेस्डेनच्या विद्यापीठात ती वाद खेळासारखा मांडणारा हाच प्रोग्राम सांभाळायची. त्यात चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एकानं दावा मांडायचा, दुसऱ्यानं खोडायचा. प्रत्येक पाळीला कोणत्या चाली शक्य आहेत ते प्रोग्राम दाखवायचा आणि शेवटी निकाल द्यायचा. परिषदांमध्ये लोक माना डोलवायचे. घरी मात्र वडलांशी दोन वाक्यं धड होत नव्हती. ते जिन्यात पडल्यापासून तर वृद्धाश्रमाचं नाव काढलं की रेडिओचा आवाज वाढायचा. म्हणून या रविवारी तिनं सगळा वाद नियमांत बसवून आणला होता. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस निदान यंत्राचं ऐकेल, असं तिला वाटलं होतं.

“तुमचा दावा, तुम्ही इथंच राहणार. मी खोडते. तुम्ही जिन्यात पडलात.”

त्यांनी यादी वाचून एका बोटानं आकडा दाबला. “दिवा गेला होता म्हणून पडलो. दिवा बदललाय.”

प्रोग्रामनं मान्य केलं.

“गॅस चालू राहिला होता.”

“शेगडी विजेची घेतली. पुढं बोल!”

तेही मान्य. ते आता खुशीत आले होते आणि ती धुमसत होती. तिचंच यंत्र त्यांची वकिली करत होतं.

“एकटे असताना पडलात, तर उचलायला कुणी नाही,” ती जवळजवळ ओरडलीच.

पडद्यावर त्यांच्यासाठी एकच चाल उरली: ‘हेन्रिके इथं राहायला येईल.’

ती चाल हेन्रिकेनंच यादीत घातली होती. गाळली असती तर लबाडी झाली असती. घटस्फोटानंतर एल्बे नदीच्या पलीकडे तिनं दीड खोलीचं घर घेतलं होतं. पन्नाशीत पहिल्यांदाच फक्त स्वतःचं. भिंतींना पिवळा रंग पपांनीच दिला होता.

“ही टाकली की मी जिंकतो?”

“हो. टाका ना. नियमात बसतंय.”

“नियमात काय, बरंच काही बसतं.” त्यांनी आकड्यावरचं बोट उचललं. “डाव सोडून द्यायचा असेल तर काय लिहितात?”

तिनं सांगितलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी ते लिहिलं. ‘खोडणारा जिंकला,’ पडद्यावर उमटलं.

“पपा, तुम्ही मुद्दाम हरलात!”

“मग? तुझ्या यंत्राला कळलं का ते?”

त्यांनी केकची थाळी पुढे ओढली आणि सुरी उचलली. तुकडे वाकडेतिकडे पडत होते. तिनं सुरी मागितली नाही.