एक जानेवारीला बुडालेले गलबत

मी एक जुना तारखेचा रकाना आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. संगणकात एवढ्यानेही म्हातारपण येते. मित्रांनो, माझी हकिकत ऐकून तुम्हाला शिसारी आली, तर ते योग्यच आहे. मलाही येते.

अफान कुवेतला नोकरी करतो. सुट्टीत गावी, कोकणातल्या बोर्ली पंचतनला, आला असताना त्याने घराण्याच्या माहितीची एक वेबसाइट बांधली, घरच्यांपुरती. पूर्वजांच्या घटना ओळीने लावायला त्यात मला बसवले. दिवस, महिना, वर्ष, तेही इंग्रजी. दुसरे काही लिहिले की मी लाल व्हायचो. शिस्तीचा म्हणून माझे कौतुक झाले आणि मी मूर्खासारखा फुगलो.

माहिती भरायची त्याची बहीण रुबिना. खरेदीखतावर शके, निकाहनाम्यावर हिजरी सन. जुन्या पासपोर्टवर ३-४-५२, म्हणजे मार्च की एप्रिल, कोण सांगणार? शाळेच्या दाखल्यांवर तर निम्मे घराणे एक जूनला जन्मलेले, कारण मास्तरांना तीच तारीख सोयीची.

एकदा ती घरातल्या सर्वांत वयस्कर शहरबानू फुफींजवळ, म्हणजे आत्यांजवळ, बसली. त्यांचे वडील हमदुल्ला हे कौले भरलेल्या गलबतासह रेवदंड्याजवळ बुडाले होते.

"तुफानाच्या साली, सफरचा सातवा चांद," फुफी म्हणाल्या. "कोंबड्या सोडल्या नव्हत्या, तवा खबर आली."

सफर हा हिजरी सनातला दुसरा महिना. रुबिनाने तसेच लिहिले. मी लाल झालो. तिने अफानला फोन लावला.

"साल अंदाजाने टाक, पुढे एक जानेवारी कर. नंतर बघू," तो म्हणाला.

तिने केले आणि मी निर्लज्जासारखा हिरवा झालो. फुफींचे शब्द पुसले गेले. मग तीच सवय लागली. अकरा जन्म, चार निकाह, तीन मरणे, सगळी एक जानेवारीला. असला घाणेरडा ढीग मी पोटात घेऊन बसलो आहे.

फुफी दरवर्षी चांद बघून वडिलांची फातिहा, म्हणजे मृतासाठीची दुवा, द्यायच्या. यंदा त्यांची आठवण विरली.

"रुबिना, अब्बांची फातिहा कवा हाय गं?"

रुबिनालाही आठवेना. तिने विश्वासाने मला उघडले आणि वाचले, "एक जानेवारी."

"ही अफानच्या हापिसाची तारीख हाय," फुफी म्हणाल्या. "माझ्या बापाची न्हाय."

त्या दिवशी रुबिना रडली. नंतर तिने माझ्या शेजारी एक मोठा रकाना केला, सांगणाऱ्याच्या शब्दांसाठी. हमदुल्लांपुढे तो रिकामा आहे.

मित्रांनो, तारीख ठाऊक नसेल तर मला खुशाल कोरा ठेवा, पण म्हातारी माणसे जे सांगतात ते आधी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रत्येक नवा चांद दिसला की फुफी विचारतात, "ह्योच का गं?" रुबिना मला उघडते आणि पुन्हा मिटते. पुसलेला तो सफरचा सातवा चांद मला अजून आठवतो, पण मला इंग्रजी तारखेशिवाय बोलता येत नाही.