दोनशे चाळिसावी ओळ

मित्रांनो, मी घरगुती संगणकाच्या एका मासिकाचा जुना अंक आहे. शेवटचा. माझ्या थोरल्या भावंडांचा काय थाट होता! आमच्या लेस्कोवात्स गावच्या टपरीवर सकाळी आली की दुपारपर्यंत संपत. त्यांत छापलेले प्रोग्रॅम लोक ओळीओळीने घरच्या संगणकावर टंकत, बोटं दुखेपर्यंत. पुढे खेळांच्या तयार कॅसेटी आल्या आणि टंकायचा सगळ्यांना कंटाळा आला. माझ्या वेळी तर देशच फुटत होता, कागदही मिळेना.

माझ्या एकोणचाळिसाव्या पानावर रादोयकाबाईंचा प्रोग्रॅम होता. त्या गणिताच्या शिक्षिका. अख्खा हिवाळा खपून त्यांनी आपल्या गावावरचं आकाश संगणकात उतरवलं होतं. आणि छापखान्यात मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवताना दोनशे चाळिसावी ओळच गळाली! वाचकांचे फोन येऊ लागले. "बाई, दोन दिवस टंकतोय, एक तारा दिसेल तर शपथ!" बाजारात तर थट्टाच. "काय बाई, उगवले का तारे?" बाईंना तोंड दाखवायची चोरी झाली.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो, शब्द देतो," असं संपादक म्हणाले खरे, पण पुढचा अंक निघालाच नाही. बाईंनी प्रोग्रॅम ज्या कॅसेटवर साठवला होता, तिच्यावर मुलाने गाणी भरून ठेवली. उरलं काय, तर माझ्या एकोणचाळिसाव्या पानाच्या समासात बाईंनी पेनाने लिहिलेली ती ओळ. कोणीतरी विचारील, या आशेवर मी तीस वर्षं बाईंच्या कोठीत पडून राहिलो. कोणी विचारलं नाही हो.

परवा अंगणात आयवार, म्हणजे आमच्याकडची मिरच्यांची चटणी, करायचा घाट होता. मिरच्या भाजायला सून स्लाविका चूल पेटवत होती.

"आई, ही रद्दी घेऊ का?"

"घे गं, घे," देठ काढता काढता बाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. स्लाविकाने माझी मधली पानं ओढून काढली आणि चुलीत सारली.

त्याच दुपारी निश शहरातून ल्युबिशा नावाच्या कोणाचा फोन आला. "बाई, आम्ही जुने प्रोग्रॅम पुन्हा चालवतोय. तुमचा तेवढा अडलाय. ती ओळ आहे का हो?"

"आहे ना! लिहून ठेवलीय मी! थांबा हं, फोन ठेवू नका!"

बाई अक्षरशः धावत आल्या. चुलीशेजारच्या रद्दीतून उचलून त्यांनी मला उघडलं. सदतीस, अडतीस, एकदम त्रेचाळीस.

"सांगा बाई, लिहून घेतो," फोनमधून आवाज येत होता.

मित्रांनो, रद्दी पेटवण्याआधी आत कोणाचं अक्षर आहे तेवढं बघत जा. माझी उरलेली पानं आता कोणी जाळली तरी चालेल.