दिनेशच्या दाढेतला धागा

मित्रांनो, मी एक जुना धागा आहे. इतका जुना, की मला पहिल्यांदा कोणी वळलं ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या पुस्तकात माझं नाव डीएनए. मी दोन पेडांचा, पिळलेल्या शिडीसारखा. कडेच्या दांड्या शर्करेच्या आणि फॉस्फेटच्या, मधली प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. तुकडे चारच प्रकारचे. अ‍ॅडेनिन थायमिनचाच हात धरतो, ग्वानिन सायटोसिनचाच. यात मी कोणाचं ऐकत नाही.

या तुकड्यांच्या क्रमातच सगळे हुकूम असतात. कोणतं प्रथिन बनवायचं ते पेशी त्यातून वाचते. पेशी दुभंगायची वेळ आली की माझे पेड सुटे होतात, प्रत्येक पेड आपला जोडीदार नव्यानं जुळवतो, आणि मी एकाचा दोन होतो. म्हणून माणसाच्या केसाच्या मुळाशीही मी, आणि दाढेच्या आतही मीच.

मी होतो मेडशीच्या दिनेशमध्ये. त्याच्या नाकावर जुळलेल्या भिवया माझ्याच कृपेनं होत्या. पोरगं धट्टंकट्टं, हसरं. वाशीमला एका धान्याच्या गोदामात हमाली करायचं आणि तिथंच राहायचं. दिवाळी झाली आणि गोदामाला आग लागली. आत दोघं होते, दिनेश आणि मदनसिंग नावाचा परप्रांतातला हमाल. दोघंही गेले. चेहरे ओळखू येईनात. कातडी जळाली, तिथला मी संपलो. दाढेच्या टणक आवरणाआड तेवढा वाचलो.

सरकारी दवाखान्यात दोन्ही देह बर्फात ठेवले. मदनसिंगाच्या घरचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. दिनेशची आई तुळसाबाई मात्र धावत आली. तिच्यामागं दुसरं कोणी नव्हतं, नवरा कधीच वारला होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, लेकराला निम्मा डीएनए आईकडून मिळतो, निम्मा बापाकडून. तुमचं रक्त घेऊ. ज्याच्याशी जुळेल तो दिनेश." तुळसाबाई दचकली. मग गपचूप हात पुढं केला.

मी कुठंच जुळलो नाही. दोन्ही देहांशी तिचं रक्त जुळेना.

तिला जीपमध्ये घालून आणणारा शेजारी इंद्रभान तर नाचायचाच बाकी होता. "काकू, आता कायले रडता? दिनेश यात नाई. जिता हाय तो. कुठंतरी निंगून गेला असन, यीन वापस." मेडशीत त्यानं मारुतीपुढं नारळ फोडला. बायका पेढे घेऊन आल्या. सगळ्या गावाला आनंद झाला, आणि तुळसाबाई भिंतीला टेकून बसली. न जुळण्याचा अर्थ साऱ्या गावात तिला एकटीला माहीत होता.

तिला मूल झालं नव्हतं. रिसोडची तिची चुलत जाऊ ललिताबाई. तिनं आपलं तान्हं पोर हिच्या पदरात टाकलं होतं. तुळसाबाई काही महिने रिसोडला राहिली आणि बाळंतीण होऊन आल्यासारखी घरी आली. गावानं बारसं केलं. दिनेशलाही हे कधी कळलं नाही. मला तेवढं माहीत होतं, पण मला तोंड नाही.

बोललं नाही, तर ती दिनेशची आई राहणार होती आणि दिनेश गावाच्या मनात जिवंत राहणार होता. बोललं, तर दोन्ही जाणार होतं. ती बरेच दिवस गप्प राहिली. लोकांनी दिलेला पेढासुद्धा तिनं खाल्ला. तो तिला कसा गिळवला असेल, मी सांगू शकत नाही. मग निरोप आला, की दोन्ही देहांची बेवारस म्हणून विल्हेवाट लावणार.

ती त्याच दिवशी एसटीनं रिसोडला गेली आणि ललिताबाईंना घेऊन दवाखान्यात आली. इंद्रभान सोबत होताच.

"हिचं रगत घ्या," तुळसाबाई म्हणाली.

"या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माय हाय त्याची. पोटची."

इंद्रभान तिच्याकडे पाहतच राहिला. ललिताबाई रडायला लागल्या. तुळसाबाईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

या वेळी मी जुळलो. निम्मा मी ललिताबाईंकडचाच निघाला. पोलिसांनी देह त्यांच्या ताब्यात दिला. तुळसाबाई पुढं झाली आणि जावेला हळूच म्हणाली, "बाई, मी हात लावू का त्याले?"

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. तो तापानं फणफणायचा तेव्हा कपाळावर पट्ट्या कोणी ठेवल्या, त्याला भाकरी कोणी चुरून दिली, यातलं एक अक्षर माझ्यात उतरलेलं नाही. मी खोटं बोललो नाही, पण मला फार थोडं माहीत होतं.

दिनेशला मेडशीलाच आणलं. घरात सगळ्या बायका ललिताबाईंना धरून बसल्या होत्या. आई त्या होत्या ना. तुळसाबाई सगळ्यांना पाणी देत फिरत होती.

आता माझीही जळायची वेळ आली आहे. माझ्या पायऱ्या पाठ करा, परीक्षेत नीट लिहा. पण अशा घरी कधी गेलात, तर आधी त्या पाणी देणाऱ्या बाईच्या हातातला तांब्या घ्या आणि तिला खाली बसवा.