शुभेच्छुकांची रांग

कुंदन जामिनावर सुटला आणि सायखेड्याच्या चौकात त्याचा भला मोठा फ्लेक्स लागला. 'दिलदार मनाचा राजा माणूस, कुंदनभाऊंचं हार्दिक स्वागत!' याच राजा माणसानं दारूच्या नशेत गाडी चालवून माझ्या शेजारच्या मोतीरामभाऊंना उडवलं होतं. ते जागीच गेले. पण आमच्याकडे कुणी परीक्षेत पास होवो, निवडून येवो नाहीतर तुरुंगातून सुटो, फ्लेक्स लागतोच. नाही लागला तर लोक काळजीनं विचारतात, काही बिनसलं का म्हणून.

कुंदननं गुन्हा कबूल केला होता, शिक्षा तेवढी ठरायची होती. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील झुंबरनाना त्याला घेऊन मोतीरामभाऊंच्या बायकोकडे, नवसाबाईकडे आले. मी तिथंच होते. कुंदन तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही.

"पोराला एक संधी द्या, बाई," नाना म्हणाले. "तुम्ही माफ केलं असं कोर्टात सांगितलं, तर शिक्षा कमी होईल म्हणतो वकील. लय पस्तावलाय तो."

माझं डोकंच फिरलं. पण नवसाबाई माझ्यासारखी तिरसट नाही.

"याला आत टाकून माझा माणूस थोडाच उठून येणार हाय?" ती म्हणाली. "चला, सांगते."

मीही सोबत निघाले. वकिलांची गाडी चौकात उभी होती, नेमकी फ्लेक्सखाली. आत बसता बसता नवसाबाईनं वर बघितलं आणि पाय मागे घेतला. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग होती. त्या रांगेत मोतीरामभाऊ होते. लग्नातला फेटा, हसरा चेहरा.

मित्रमंडळानं कुंदनच्या गेल्या वाढदिवसाचाच फ्लेक्स पुन्हा छापला होता, वरचा मजकूर तेवढा बदलून. तेव्हा भाऊंनी एका गल्लीतले म्हणून कौतुकानं फोटो दिला होता.

"कोण गाढव आहे रे तो!" नाना ओरडले. "पोरांची चूक झाली, बाई. आत्ता उतरवतो."

नवसाबाई कुंदनकडे वळली. "तू पाह्यला नव्हता का हा बोर्ड?"

मीच फोन काढून तिच्यापुढे धरला. काल संध्याकाळपासून त्याच्या स्टेटसला हाच फ्लेक्स होता, खाली दोन हात जोडलेले.

"माझाच फोटो बघितला, काकू," तो पुटपुटला. "खालचे नाय बघितले."

वकिलांनी घड्याळ बघितलं. "ताई, उशीर होतोय. कोर्टात तेवढं माफीचं..."

नवसाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"माझी माफी कशाला पायजे, साहेब? ह्यांच्या तर शुभेच्छाच हायेत," ती म्हणाली. "हा बोर्डच घेऊन जा. जज्जसाहेबांना दाखवा."

आणि ती घराकडे चालू लागली.