रंग लिहायचा राहिला

"दिगंबरराव, चमकला ना डाग? मग झालं. या बाहेर," काळ्या पडद्यापलीकडून शशिकांत साहेब म्हणाले.

दिगंबर हलला नाही. कलकत्त्याच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत जांभळ्या दिव्याखाली कपडे तपासण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. समोर हरिपदचं धोतर होतं. हरिपदवर एका बाईवर जबरदस्ती केल्याचा आळ होता. सकाळी दिगंबरनंच वहीत लिहिलं होतं, 'डाग चमकतात.' रंग लिहायचा राहिला. तेवढ्यावर साहेबांनी अहवाल ठोकून दिला, की डाग वीर्याचे. दाराशी कोर्टाचा शिपाई ताटकळत होता.

वीर्य निळसर पांढरं चमकतं. हे डाग पिवळे चमकत होते. 

"साहेब, ही हळद आहे. धुऊन उरलेली. हा माणूस सियालदहला खाणावळीत आचारी आहे. पोलिसांच्या कागदावर आहे तसं."

कागदावर होतं, वाचलं कुणी नव्हतं. इंग्रज जाऊन पाच वर्षं झाली, तरी गरिबाचा धंदा वाचायची सवय कुणाला लागली नव्हती.

साहेबांनी आवाज खाली आणला. "चूक तुमच्या वहीत आहे, बरं का. इथं आपली मराठी माणसं मूठभर. बंगाल्यांसमोर मी तुम्हाला सांभाळून घ्यायचं, आणि तुम्ही मलाच तोंडघशी पाडायचं?"

 वहीत खाडाखोड केली, तर बडतर्फीचा कागद यायला वेळ लागत नसे. तरी दिगंबरनं चिमट्यानं डागातला एक धागा काढला, पडद्याबाहेर उजेडात येऊन काचेवर ठेवला आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडला.

धागा लाल झाला.

साहेब वाकून बघत राहिले. "आमची आई असंच कुंकू करायची," ते बोलून गेले, आणि बोललो याचाच त्यांना राग आला. "अहवाल मी बदलतो. पण वहीत लिहा, चूक तुमची."

दिगंबरनं जुनी ओळ वाचता येईल अशी खोडली. खाली लिहिलं, 'रंग पिवळा. चुन्यानं लाल. हळद. आधीची नोंद अपुरी, चूक माझी.' मग सही केली.

रविवारी महाराष्ट्र मंडळात कीर्तन होतं. दिगंबर कामात चुकतो, ही बातमी तोवर घरोघरी पोचली होती. त्याची बायको वृंदा बायकांत जाऊन बसली, तर पदर सावरत दोघी तिच्यापासून जरा दूर झाल्या. पुरुषांच्या सतरंजीवर जागा होती, पण दिगंबरसाठी कुणी सरकलं नाही. तो दाराजवळ, चपलांच्या शेजारी, मांडी घालून ताठ बसला आणि बुवांच्या टाळाबरोबर टाळ्या वाजवू लागला.