गुडघ्याचं बाळंतपण

मी एक जुना बेडपॅन आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. त्यावर पहिला हक्क माझा आहे, पण मला नाक दिलेलं नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. पांढरं रोगण, निळा काठ. दिसायला मी राजबिंडा होतो. माझ्याच पत्र्यातून निघालेल्या भावाचा चहाचा मग झाला. त्याला लोक ओठ लावतात. मला काय लावतात ते सांगायला नको. मुळशी खोऱ्यातल्या एका धर्मादाय इस्पितळात आम्ही एकाच खोक्यातून आलो. तो कपाटात गेला, मी खाटेखाली. पुढे त्याने कधी ओळख दाखवली नाही.

सत्त्याऐंशी साली तिथे गुडघा बदलायची शस्त्रक्रिया सुरू झाली. नांदे गावच्या आक्काबाई भरती झाल्या. जन्मभर भाताच्या चिखलात वाकून त्यांच्या गुडघ्यातली गादी झिजली होती, हाडावर हाड घासायचं. परसाकडला बसवायला सून, उठवायलाही सून. डॉक्टरांना त्या एवढंच म्हणाल्या, "मला माजं माजं जाऊन यायचंय. दुसरं काय नगं."

आदल्या दिवशी पाय भादरला, पिवळं औषध फासलं, रात्रीपासून पाणीही बंद. सकाळी कंबरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. झिजलेली टोकं कापून धातूची टोपी आणि प्लास्टिकची चकती बसवली. आक्काबाई जाग्याच होत्या. "पडद्याआड सुतार लावल्यागत वाटलं," त्या नंतर म्हणाल्या. परत आल्या तेव्हा हाताला सलाईन, जखमेतलं रक्त नळीतून बाटलीत, आणि खाली मी. ती बाटली बघून मला जरा बरं वाटलं; झेलणारा मी एकटाच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बजावलं, "दुखणारच. गोळी घ्या, पण गुडघा वाकवा. वॉकर धरून उभ्या राहा. नाहीतर पाय काठीसारखा होईल."

तेवढ्यात सगुणाबाई आली. आक्काबाईंची धाकटी जाऊ. नांद्यातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. बाईला टाके पडले, बाई खाटेवर आहे, म्हणजे हे बाळंतपणच, असा तिचा सरळ विचार. तिने आक्काबाईंच्या कानाला फडकं बांधलं, गुडघ्याखाली उशी सारली, माझ्या शेजारी धगधगती शेगडी ठेवली आणि सव्वा महिना पाय टेकवायचा नाही असं फर्मान काढलं.

सिस्टरांनी शेगडी बाहेर काढली. "अहो, चालायला हवं त्यांनी!"

"वल्या बाळंतिणीला चालवत्यात व्हय?"

"मग बाळ कुठंय?"

"त्ये काय, गुडघ्यात!"

सिस्टर वळल्या की उशी पुन्हा आत. डिंकाचे लाडू सुरू झाले. खाटेवर पडून लाडू खाणाऱ्या माणसाचं पोट आधी अडतं आणि मग अचानक मोकळं होतं. मी फक्त एवढंच म्हणेन, की डिंक चिकट असतो.

त्यापुढचं आठवलं की आजही मला शिसारी येते. सगुणाबाई मला खिडकीशी नेई, उजेडाला धरी, तान्ह्या पोराचं बघावं तसं निरखी आणि साऱ्या वॉर्डाला निकाल सांगे. "आज रंग चांगला हाय बरं का!" समोरच्या खाटेवरची बाई तोंडातल्या घासासकट भिंतीकडे वळायची. आक्काबाई डोक्यावरून पदर ओढायच्या. उशीवरचा गुडघा रोज थोडा थोडा आखडत होता.

डॉक्टरांनी तो दाबून पाहिला. "असाच राहिला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. तरी वाकेलच असं नाही."

"बाप्या मानूस," सगुणाबाई पुटपुटली. "त्याला काय कळतंय यातलं!"

रविवारी आक्काबाईंचे व्याही भिवाजी शेजारच्या चांदे गावाहून आले. डोक्याला फेटा, हातात केळी.

"कशी काय तब्येत, विहीणबाई?"

"सांगायचं कशाला? बघाच की!" म्हणत सगुणाबाई खाटेखाली वाकली.

मी त्या वेळी रिकामा नव्हतो.

तिने मला अदबीने पुढे धरलं. बाळ दाखवतात तसंच वाटून भिवाजींचा हात सवयीने रुपया काढायला खिशात गेला.

"सगुणे! ठेव त्ये खाली!"

आक्काबाईंनी उशी लाथेने उडवली. नव्या पायाच्या लाथेने. खाटेची कड धरून त्या बसल्या, गुडघा वाकला, आणि अशी किंकाळी फुटली की भिवाजींची केळी खाली पडली. सिस्टर वॉकर घेऊन धावल्या.

"इव्हाय, वाट सोडा," आक्काबाई दात-ओठ खात म्हणाल्या.

एकेक पाऊल टाकत, घामाने भिजून त्या संडासापर्यंत गेल्या. तिथे खुर्चीसारखं उंच बसायची सोय होती. सिस्टर दारापर्यंत होत्या. आतून कडी वाजली.

सगुणाबाईने दार ठोठावलं. "आक्का, झालं का गं? रंग कसा हाय?"

आतून आक्काबाई हसल्या. इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदाच.

"न्हाई सांगनार!"

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मला हात असते तर मी ते जोडून उलटंच मागितलं असतं. घरात कुणाचा गुडघा बदलला तर त्याखालची उशी काढा, दुखण्याची गोळी द्या, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा त्याला उभं करा. ओरडला तरी करा. मला खुशाल गंजू द्या. माझ्यावर धूळ दिसली, की समजा, कुणीतरी आपल्या पायांनी जाऊन आतून कडी लावून बसलं आहे.