चाळीसच्या वर किती

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून जागोजागी एक पाटी दिसते : वेगमर्यादा ४०. ही पाटी वाचून सोडून देणारे लोक हजारो असतील. वाचून पाळणाऱ्या एकट्या हेमाताई कारखानीस. निदान त्यांचा स्वतःचा तसा ठाम समज होता आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

त्यात नवल काही नाही. कल्याणच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे त्यांची अख्खी नोकरी झाली. डॉक्टरांनी पाच लिहिलं की पाच. सहा दिले तर काय होतं, ते त्यांनी एकदा दुसऱ्याच्या हातून झालेलं पाहिलं होतं. तेव्हापासून लिहिलेल्या आकड्याशी कुणी खेळायला लागलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

आणि नवरा मिळाला तो बाळराव! बाळराव टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर होते. बंद फोन घेऊन तावातावाने आलेल्या माणसाला आधी सॉरी म्हणायचं, चूक आमचीच म्हणायचं, चार शब्द त्याच्या बाजूने बोलायचे, म्हणजे तो निम्मा गार होतो, हे त्यांचं कामाचं सूत्र. फोन त्याने सुरू होत नसे, पण माणूस मुकाट घरी जात असे. निवृत्त झाले तरी ती सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तरी तेच सॉरी म्हणायचे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाळरावांना महिनाभर गाडीला हात लावू नका म्हटलं आणि त्यांची जुनी लाल गाडी हेमाताईंच्या हाती आली. बाळराव शेजारी बसू लागले. शेजारी बसलेला माणूस जगातला सर्वांत हुशार ड्रायव्हर असतो, हे वेगळं सांगायला नको.

"अगं, सरकारला ठाऊक असतं लोक दहा वर जाणार. म्हणून ते आधीच दहा कमी लिहितात. चाळीस म्हणजे पन्नास."

"आणि पन्नास लिहिलं असतं तर?"

"तर साठ."

"मग तुमच्या डोळ्यांत थेंब घालते, ते दोनाऐवजी तीन घालू?"

"औषधाचं वेगळं असतं, हेमा."

हा वाद प्रत्येक फेरीला व्हायचा आणि घर आलं की संपायचा. त्या दिवशी संपला नाही.

मार्चमधली दुपार होती. ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून दोघं डोंबिवलीला परत येत होते. शीळफाटा मागे पडला आणि मागून एक काळी, उंच एसयूव्ही चिकटली. डावीकडे पत्रे, उजवीकडे दुभाजक, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. पुढे जायला वाव नाही. मागचा हॉर्नवरून हात काढेना.

"घाई असेल त्याला," बाळराव म्हणाले. "जरा पन्नास कर ना. काय बिघडतं?"

पत्र्यांच्या फटीतून डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक मजूर अचानक रस्त्यावर आला, हात दाखवून पलीकडे गेला. हेमाताईंना थांबायचीसुद्धा गरज पडली नाही, नुसता पाय उचलावा लागला. "हे बिघडतं," त्या म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांनी सुई चाळीसवर धरून ठेवली ती निव्वळ मजुरांसाठी नव्हती. त्या हॉर्नने त्यांचं डोकं भणाणलं होतं. वाजव म्हणावं किती वाजवायचाय तो.

काटई नाक्याच्या अलीकडे मागून धक्का बसला. एकदा, मग पुन्हा, मुद्दाम. पत्रे संपले, रस्ता रुंद झाला, तशी एसयूव्ही घोंगावत शेजारून गेली आणि करकचून त्यांच्या पुढ्यात आडवी थांबली. हेमाताईंनी ब्रेक दाबला. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर उरलं.

उतरला तो तिशीच्या आतला पोरगा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याचं नाव सुदेश, ते पुढे चौकीत कळलं. त्याने येता येता लाल गाडीचा आरसा धरला आणि पिरगळून उपटला. मग तोच आरसा बॉनेटवर आपटला.

"ओ आंटी! रस्ता बापाचा आहे काय? चाळीसने कोण चालवतं? बैलगाडी आणलीयस?"

हेमाताईंनी काच अर्धी खाली केली. "पाटी वाचता येते ना? चाळीस लिहिलंय."

त्याने खिडकीच्या काचेवर गुद्दा मारला. पहिल्याला काच टिकली, दुसऱ्याला तडकली, तिसऱ्याला तुकडे हेमाताईंच्या मांडीवर पडले. मागे गाड्यांची रांग लागली होती. रिक्षावाला उतरला, बाइकवरची पोरं उतरली, पत्र्यांआडून एक मजूरही धावत आला. बघ्यांच्या गर्दीला काय लागतं? पण एक खरं, ती गर्दी आधी हेमाताईंच्या बाजूची होती. "अरे भाई, वयाने मोठी बाई आहे," रिक्षावाला म्हणाला, "सोड ना, जाऊ दे." बाइकवरचा एक जण सुदेशच्या खांद्याला धरून मागे ओढतही होता. अजून दोन मिनिटांत प्रकरण मिटलं असतं.

तेवढ्यात बाळराव दार उघडून खाली उतरले. हात जोडलेले, चेहऱ्यावर तक्रारींच्या खिडकीवरचं जुनं हसू.

"सॉरी, सॉरी, साहेब. चूक आमचीच आहे. मी हिला रोज सांगतो, चाळीस म्हणजे पन्नास धर. ऐकतच नाही हो. तुमचा राग अगदी बरोबर आहे."

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, पण खणणारे खणतातच. सुदेशने खांद्यावरचा हात झटकला. "ऐकलं? ऐकलं का सगळ्यांनी? हिचा नवराच सांगतोय!"

आणि गर्दी फिरली. रिक्षावाला म्हणाला, काकू, पाच-दहा वर तर चालतं, पोलीसपण धरत नाही. बाइकवाला म्हणाला, दहा काय, वीसपर्यंत काही होत नाय, मी तर रोज साठला असतो. मागच्या टेम्पोतून कुणी ओरडलं, असल्यांना लायसन देतं कोण? जो तो आपापला आकडा घेऊन न्यायाधीश झाला. गुन्हेगार एकच, जी पाटीप्रमाणे चालली ती.

हेमाताई काचांमध्ये बसून हे सगळं ऐकत होत्या. सुदेशचा त्यांना राग आला होता, पण बाळरावांचे ते शब्द जास्त लागले. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"बायकोला आवरता येत नाही तर घराबाहेर काढू नको ना, म्हाताऱ्या!" सुदेश म्हणाला आणि त्याने बाळरावांच्या कानाखाली वाजवली. बाळराव गाडीवर आदळले. चष्मा उडाला. ओठ फुटला. त्या माणसाने तशातही म्हटलं काय, तर "सॉरी".

मग सुदेशने फुटक्या खिडकीतून आत हात घालून चावी ओढायला घेतली. हेमाताईंनी त्याचं मनगट धरलं, तर त्याने दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. दात ओठात घुसला. तोंडात रक्ताची खारट चव आली. गर्दीतलं कुणी पुढे आलं नाही. दोन-तीन मोबाइल तेवढे वर झाले.

सीटखाली स्टिअरिंगला लावायचा लोखंडी लॉक होता, हातभर लांब, चांगला जड. तो घेऊन हेमाताई कधी उतरल्या ते त्यांचं त्यांनाही नीट आठवत नाही. सुदेश चावी नाचवत हसत होता. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा फिरवला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला.

तो खाली बसला. चावी हातातून गळाली. दोन्ही पंजे डांबरावर टेकून तो "आई गं" म्हणाला, अगदी लहान आवाजात.

तिथे झालं होतं. चावी पडली होती, तो पडला होता, हेमाताईंना कुणापासून धोका उरला नव्हता. हे त्यांना दिसत होतं, लख्ख दिसत होतं. तरी दांडा वर गेला आणि नडगीवर आला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. सुदेश किंचाळला. आणि त्या आवाजाने हेमाताईंना बरं वाटलं. मघापासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. म्हणून त्यांनी त्याच जागी आणखी एकदा मारलं.

मग मजुराने त्यांना मागून कवेत धरलं आणि दांडा काढून घेतला. "बस, माई, बस," तो म्हणत होता. सुदेशची पॅन्ट नडगीपाशी ओली झाली होती आणि पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काकूंनी बरोबर केलं. पाहिजेच होता साल्याला." मघाचाच रिक्षावाला होता तो.

चौकीत उपनिरीक्षक मृणाल गायकवाड होत्या. वयाने हेमाताईंच्या मुलीएवढ्या. त्यांनी पाणी दिलं, ओठाला लावायला कापूस दिला, बाळरावांना खुर्ची दिली. सुदेशला दवाखान्यात नेलं होतं. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

"गाडी किती स्पीडला होती, काकू?"

"चाळीस."

"त्या रस्त्यावर?" बाईंना हसू आवरलं नाही. "मी पण पन्नास-पंचावन्नला असते तिथे. असू दे. घाबरू नका. त्याने धक्का दिला, काच फोडली, तुम्हा दोघांवर हात उचलला. लोकांचे व्हिडिओ आहेत, पण गर्दीत नीट काही दिसत नाही. तुम्ही स्वतःला वाचवायला एक फटका मारलात. असंच लिहिते. एकच ना?"

हेमाताईंनी कापूस ओठावरून काढला. एवढं हो म्हटलं की संध्याकाळी घरी, स्वतःच्या ओट्याशी. बाई त्यांच्या भल्याचंच सांगत होत्या, हे त्यांना कळत होतं.

"तीन," त्या म्हणाल्या.

"काकू, रागात थोडं इकडेतिकडे होतंच. कोण मोजतं?"

"पहिल्याला तो पडला होता. हात जमिनीवर टेकलेले होते त्याचे. पुढच्या दोनांची गरज नव्हती. मला मारायचे होते म्हणून मारले."

मृणालबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर केस तुमच्यावर होईल. आजच अटक दाखवावी लागेल मला. नीट विचार करा." मग त्या आशेने वळल्या. "काका, तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्ही सांगा. किती?"

बाळरावांचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. त्यांचे हात सवयीने जोडायला निघालेले हेमाताईंना दिसले. आता हे सॉरी म्हणणार, एकच म्हणणार, बाईंचं बरोबर म्हणणार. हेमाताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तीन," बाळराव म्हणाले.

हेमाताईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तीनच होते, मॅडम. पहिला बसला तेव्हा मला आनंद झाला. दुसरा बसला तेव्हाही झाला. तिसऱ्याच्या आधी मी तिला बस म्हणू शकत होतो, हात पोचेल एवढ्या अंतरावर होतो. नाही म्हणालो. तेही लिहा, आणि खाली माझी सही घ्या."